शोधयंत्र-अनुकूलन

शोधयंत्र-अनुकूलन : आंतरजालावरील एखादे पृष्ठ शोधयंत्राने दाखविलेल्या निष्कर्षांत शक्य तितक्या वरच्या क्रमांकावर यावे, यासाठी त्या पृष्ठाचा मजकूर, मांडणी व त्याकडे येणारे दुवे यांत हेतुपुरस्सर केलेल्या फेरबदलांना शोधयंत्र-अनुकूलन म्हणतात. व्यवहारात ते ‘एसईओ’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले जाते. शोधयंत्रास पैसे देऊन मिळविलेली जाहिरातीची जागा यात मोडत नाही. या तंत्राचा इतिहास म्हणजे निवडीचे निकष ठरविणारे आणि ते निकष ओळखून त्यांना साजेसे लेखन करणारे, यांच्यातील दीर्घ चढाओढीचा इतिहास होय. या चढाओढीच्या मुळाशी एक अलिखित देवघेव होती : संकेतस्थळाने आपला मजकूर शोधयंत्रास वाचू द्यावा व शोधयंत्राने त्याच्याकडे वाचक पाठवावेत. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रे दुव्यांऐवजी थेट उत्तरे देऊ लागली आणि या देवघेवीचाच पाया डळमळीत झाला.

शोधयंत्राचे कार्य : शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. ‘क्रॉलर’ नावाची आज्ञावली एका पृष्ठावरील दुव्यांवरून दुसऱ्या पृष्ठावर जात मजकूर गोळा करते. त्या मजकुरातील प्रत्येक शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे, याची सूची तयार होते. ग्रंथाच्या अखेरीस दिलेल्या शब्दसूचीसारखेच हिचे स्वरूप असते. वापरकर्त्याने प्रश्न विचारला, की सूचीतून जुळणारी पृष्ठे काढून त्यांची क्रमवारी लावली जाते. अनुकूलनाचा संबंध तिन्ही टप्प्यांशी येत असला, तरी खरी स्पर्धा क्रमवारीसाठी असते. कारण बहुसंख्य वापरकर्ते पहिल्या काही निष्कर्षांपलीकडे जात नाहीत. [⟶ संगणक].

आरंभकाळ : माँट्रिऑल येथील मॅगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘आर्ची’ हे पहिले शोधयंत्र मानले जाते. ते केवळ सार्वजनिक संचिकांच्या नावांची सूची ठेवी. पृष्ठांवरील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकरटन यांच्या ‘वेबक्रॉलर’ने केली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी माणसांकरवी वर्गीकृत केलेली ‘याहू’ ही निर्देशिका सुरू केली आणि मार्टिन कॉस्टर यांनी क्रॉलरला कोठे येऊ द्यावे व कोठे नाही, हे सांगणारा ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ हा संकेत सुचविला. या संकेताचे पालन स्वेच्छेवर अवलंबून होते. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘अल्टाव्हिस्टा’ हे वेगवान शोधयंत्र खुले केले.

या काळातील यंत्रे प्रामुख्याने शब्दांची जुळणी पाहत. एखादा शब्द पृष्ठावर किती वेळा आला, शीर्षकात आला काय, पृष्ठकर्त्याने वाचकास न दिसणाऱ्या कीवर्डांच्या यादीत तो दिला काय, यांवर क्रमवारी ठरे. हे लक्षात येताच तोच शब्द शेकडो वेळा लिहिणे, लोकप्रिय पण असंबद्ध शब्द यादीत घालणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर दडविणे, असे प्रकार बोकाळले. पृष्ठाने स्वतःविषयी दिलेल्या ग्वाहीवर विसंबणे अशक्य झाले. डॅनी सलिव्हन यांनी १९९६ मध्ये शोधयंत्रांच्या कार्यपद्धतीविषयी संकेतस्थळचालकांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले.

दुव्यांचा निकष : स्टॅनफर्डमधील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या ग्वाहीऐवजी इतरांची साक्ष हा निकष पुढे आणला. शास्त्रीय निबंधाचे महत्त्व त्याचा उल्लेख इतरत्र किती वेळा होतो यावरून अजमावण्याची पद्धत यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांनी रूढ केली होती. तोच विचार पेज व ब्रिन यांनी दुव्यांस लावला. ‘पेजरँक’ या त्यांच्या पद्धतीत प्रत्येक दुवा हे एक मत असते. मात्र सर्व मते समान नसतात. ज्या पृष्ठाकडे महत्त्वाची पृष्ठे निर्देश करतात, त्याच्या मताचे वजन अधिक. त्यांच्या यंत्राचे वर्णन करणारा निबंध १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत सादर झाला. त्या वेळी त्याच्या सूचीत सु. २ कोटी ४० लक्ष पृष्ठे होती. जाहिरातींवर पोसली जाणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, असा इशारा त्याच निबंधाच्या परिशिष्टात आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली आणि २००० मध्ये तिने स्वतःची जाहिरात-योजना सुरू केली.

दुव्यांना मोल आले, तसा त्यांचा बाजारही उभा राहिला. गूगलच्या टूलबारमध्ये प्रत्येक पृष्ठाचा पेजरँक ० ते १० या अंकांत दिसू लागल्याने दुव्याची किंमत ठरविणे सोपे झाले. अनेक स्थळांनी संगनमताने परस्परांस दुवे देणे, अनुदिनीवरील अभिप्रायांत दुवे पेरणे, असे उद्योग सुरू झाले. दुव्यातील शब्दांनाही वजन असल्याने २००३ मध्ये अनेकांनी मिळून ‘दयनीय अपयश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा दुवा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अधिकृत चरित्रपृष्ठास दिला आणि ते शब्द शोधताच ते पृष्ठ प्रथम येऊ लागले. हा प्रकार थांबविणारी सुधारणा गूगलने २००७ मध्ये केली. क्रमवारी घसरविल्याबद्दल ‘सर्च किंग’ या कंपनीने गूगलवर लावलेला दावा ओक्लाहोमातील संघराज्य न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळला. क्रमवारी हे मतप्रदर्शन असून त्यास घटनात्मक संरक्षण आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. संकेतस्थळांचे भवितव्य ठरविण्याचा शोधयंत्रांचा अधिकार त्यामुळे अधिकच दृढ झाला.

दंड व सुधारणा : ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात असे निरीक्षण नोंदविले होते, की एखादी सांख्यिकीय नियमितता नियंत्रणासाठी वापरली जाऊ लागताच ती ढासळू लागते. शोधयंत्रांच्या बाबतीत याचा प्रत्यय वारंवार आला. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ क्रॉलरला एक व वाचकाला दुसरे पृष्ठ दाखवीत असल्याच्या कारणावरून गूगलने काही दिवस सूचीतून वगळले. फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ या सुधारणेने शोधसंख्या पाहून स्वस्तात घाऊक लेख तयार करणाऱ्या स्थळांना लक्ष्य केले. गूगलच्या निवेदनानुसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ११.८ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ सुधारणा विकत घेतलेल्या दुव्यांविरुद्ध होती. एका रात्रीत वाचक गमावलेल्या स्थळांत प्रामाणिक स्थळेही असल्याच्या तक्रारी झाल्या. परंतु निकष गुप्त असल्याने दाद मागण्याचा मार्ग मर्यादितच होता.

शब्दाकडून अर्थाकडे : कृत्रिम बुद्धिमत्तेचा शोधयंत्रांत प्रवेश टप्प्याटप्प्याने झाला. २०१२ मध्ये गूगलने व्यक्ती, स्थळे व वस्तू यांच्या परस्परसंबंधांचा ज्ञानसंग्रह वापरात आणला आणि जन्मतारखेसारख्या साध्या प्रश्नांची उत्तरे निष्कर्षांच्या पानावरच मिळू लागली. दररोज येणाऱ्या शोधांपैकी सु. १५ टक्के पूर्वी कधीही न आलेले असतात, असे गूगलने सांगितले आहे. अशा अनोळखी प्रश्नांचा अर्थ लावण्यासाठी २०१५ पासून ‘रँकब्रेन’ ही स्वयंशिक्षण पद्धती योजली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलच्या शोधविभागाचे प्रमुख अमित सिंघल निवृत्त झाले व त्यांची जागा कृत्रिम बुद्धिमत्ता विभागाचे प्रमुख जॉन जियानांड्रिया यांनी घेतली. ऑक्टोबर २०१९ मधील ‘बर्ट’ या प्रणालीमुळे शब्दांचे वाक्यातील नातेही यंत्र विचारात घेऊ लागले. ब्राझीलहून अमेरिकेस जाणाऱ्या प्रवाशाला व्हिसा लागतो काय, या प्रश्नास पूर्वी अमेरिकेहून ब्राझीलला जाणाऱ्यांसाठीची पृष्ठे दाखविली जात. दिशा सुचविणाऱ्या लहानशा शब्दाकडे यंत्राचे दुर्लक्ष होई. हा दोष बर्टने दूर केला. नेमका शब्द ठरावीक प्रमाणात योजण्याची जुनी रीत त्यामुळे निरुपयोगी ठरू लागली.

उत्तर देणारी यंत्रे : नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले केले. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या ‘बिंग’ शोधयंत्रास अशाच संभाषणक्षम प्रणालीची जोड दिली. गूगलने मे २०२३ मध्ये प्रयोग सुरू करून मे २०२४ मध्ये संयुक्त संस्थानांत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात निष्कर्षांच्या शिरोभागी यंत्ररचित सारांश देण्यास आरंभ केला. या प्रणालींत भाषा-प्रारूप स्वतःच्या शिक्षणावरच विसंबून राहत नाही. प्रथम सूचीतून काही पृष्ठे काढली जातात, मग त्यांतील उतारे प्रारूपास देऊन त्यांच्या आधारे उत्तर रचले जाते आणि सोबत काही स्रोतांचे दुवे दिले जातात. पण उतारा मिळाला म्हणजे त्याची योग्यता कळलीच, असे नाही. पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळावा, असा सल्ला मे २०२४ मध्ये गूगलच्या सारांशाने दिला होता. त्याचे मूळ एका जुन्या थट्टेखोर टिपणीत होते.

वाचकांच्या ओघावर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. संयुक्त संस्थानांतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील शोधांच्या आधारे केलेल्या पाहणीनुसार, यंत्ररचित सारांश नसताना १५ टक्के वेळा वापरकर्त्यांनी एखादा निष्कर्ष उघडला. सारांश असताना हे प्रमाण ८ टक्के होते. सारांशातील स्रोताचा दुवा तर केवळ १ टक्का वेळा उघडला गेला. गूगलने या पाहणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे.

अनुकूलनाचे नवे स्वरूप : क्रमवारीत वर येण्याऐवजी उत्तरात उद्धृत होणे, हे आता अनुकूलनाचे दुसरे उद्दिष्ट झाले. प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्ली येथील भारतीय तंत्रविद्या संस्था व अन्य संस्थांतील संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रयत्नास ‘निर्मितिक्षम यंत्रांसाठी अनुकूलन’ या अर्थाचे नाव दिले. १०,००० प्रश्नांच्या संचावर त्यांनी विविध उपाय तपासले. विधानांना आधार देणे, जाणकारांची अवतरणे व आकडेवारी अंतर्भूत करणे, यांमुळे उत्तरातील दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांना आढळले. शब्दांची पुनरावृत्ती मात्र निष्फळ ठरली. पारंपरिक क्रमवारीत खाली असलेल्या स्थळांना या उपायांचा लाभ विशेष झाला. प्रश्नाचे उत्तर परिच्छेदाच्या आरंभीच देणे, प्रत्येक परिच्छेद स्वतंत्रपणे समजेल असा लिहिणे, लेखकाची पात्रता व अद्ययावततेचा दिनांक नमूद करणे, हे उपायही सर्रास सुचविले जातात.

जुने दोषही नव्या वेषात परतले. प्रिन्स्टनमधील संगणकशास्त्रज्ञ अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये आपल्या पृष्ठावर पांढऱ्या अक्षरांत, उत्तरात ‘गाय’ हा शब्द योजावा, अशी बिंगला उद्देशून सूचना लिहून ठेवली आणि यंत्राने ती पाळली. अल्टाव्हिस्टाच्या काळातील अदृश्य अक्षरे येथे यंत्राला थेट आज्ञा देऊ लागली. दुसरीकडे, भाषा-प्रारूपांकडून घाऊक लेख लिहवून घेणे सुलभ झाल्याने गूगलला मार्च २०२४ मध्ये अशा निर्मितीविरुद्ध नवे नियम करावे लागले.

मराठीच्या संदर्भात : मराठीतील अनुकूलनाचा पहिला अडसर अक्षरांचाच होता. प्रारंभीची मराठी संकेतस्थळे परस्परांशी न जुळणारे खाजगी टंकसंकेत वापरीत. त्यामुळे वाचकास देवनागरी दिसणारा मजकूर यंत्राच्या लेखी निरर्थक चिन्हांची रांग असे. युनिकोडच्या प्रसारानंतर हा मजकूर शोधयोग्य झाला. मराठी शब्दाची विभक्तीनुसार पालटणारी रूपे व रोमन लिपीत टंकलेले मराठी प्रश्न या अडचणी उरल्याच. डिसेंबर २०१९ मध्ये बर्ट प्रणाली सत्तरांहून अधिक भाषांत वापरात आली, त्यांत मराठीचा समावेश होता. शोधसंख्या पाहून लिहिण्याची प्रथा मराठीतही रुजली; विषयाच्या नावापुढे ‘माहिती मराठी’ हे शब्द जोडलेली व परस्परांची नक्कल वाटणारी असंख्य पृष्ठे तिची साक्ष देतात. ज्या भाषेत विश्वसनीय मजकूर थोडा, तिच्यात यंत्राला निवडीस वाव थोडा असतो. एका पृष्ठावरील चूक अनेक उत्तरांत उतरण्याचा धोका तेथे अधिक संभवतो.

मूल्यमापन : जुन्या देवघेवीचे नियम नव्याने ठरविण्याचे प्रयत्न चालू आहेत. ओपनएआयने ऑगस्ट २०२३ मध्ये व गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रारूपांच्या शिक्षणासाठी मजकूर न देण्याचा पर्याय रोबॉट्स डॉट टीएक्सटीद्वारे उपलब्ध केला. पण गूगलच्या या पर्यायाने शोधनिष्कर्षांतील सारांश टळत नव्हते. द न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट यांच्याविरुद्ध, तर एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला. काही वृत्तपत्रांनी मोबदला घेऊन मजकूर देण्याचे करार केले आहेत. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने नव्या ग्राहकस्थळांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्रॉलरांना मूलतः प्रतिबंध करण्याचे धोरण स्वीकारले.

अनुकूलनामुळे आंतरजालावर निकृष्ट व पुनरुक्त लेखनाचा पूर आला, हा आक्षेप खरा आहे. तथापि शीर्षके अर्थवाही असावीत, मांडणी सुगम असावी व विधानांस आधार असावा, ही शिस्तही काही अंशी त्यानेच लावली. पूर्वीच्या प्रत्येक स्थित्यंतरात निकष बदलले, तरी यशस्वी लेखकास वाचक मिळत असे. नव्या व्यवस्थेत लेखन उपयोगी पडूनही ते वाचले जाईलच, याची शाश्वती नाही. उत्तर रचणारे यंत्र घटनास्थळी जात नाही, दप्तरे तपासत नाही की प्रयोगही करीत नाही. त्यासाठी लागणारा वेळ व पैसा मूळ लेखकास खर्च करावा लागतो. तो खर्च वाचकांच्या भेटींवाचून कसा भरून निघावा, याची सर्वमान्य व्यवस्था अद्याप बसलेली नाही आणि ती बसेपर्यंत यंत्रांना उद्या वाचण्यासाठी काय उरेल, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.