संगणकाची घडण आणि सीमेवरील अक्षर

पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषी तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशातच राहिले. विदर्भाचे आठ जिल्हे मात्र मुंबई राज्यात गेले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तेथे राज्यकारभाराची भाषा हिंदी. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच, तेव्हा यंत्रापुढे अडचण ती कोणती, असे कोणास वाटेल. परंतु 'वऱ्हाड' हा शब्द लिहू लागताच ती उभी राहते. 'आचार्यांना' नमस्कार करावयाचा आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगावयाचा, हा भेद मराठीने एका अर्ध्या अक्षरावर तोलला आहे. हिंदीस त्याची गरज नाही.

हे अक्षर यंत्रात आले ते संगणकाच्या घडणीतील स्थित्यंतरांमुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' निर्वात नलिकांवर चालत असे. त्याच सुमारास फोरट्रान (१९५७) व कोबोल (१९६०) या भाषांनी यंत्राला द्यावयाच्या आज्ञा अंकांच्या जंजाळातून सोडवून शब्दांत आणल्या. मात्र ते शब्द इंग्रजी होते. १९६३ च्या अमेरिकी वर्णसंकेतात सात द्विअंकांमुळे १२८ च जागा होत्या, आणि त्या रोमन लिपीनेच व्यापल्या. १९६४ च्या आयबीएम ३६० यंत्रमालेने आठ द्विअंकांचा गट रूढ केला. जागा २५६ झाल्या. या वरच्या रिकाम्या अर्ध्या भागातच पुढे भारतीय लिप्या वसल्या.

कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत जन्मलेले व पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र प्रथम संगणकात बसवावयाच्या जोडपट्टीच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचले. लिपी तेव्हा यंत्राचा एक अवयवच होती. १९९१ च्या भारतीय मानकाने ब्राह्मीजन्य लिप्यांतील समान वर्णांना समान संकेत दिले, आणि त्यात 'ळ' व 'ऱ' यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने ही व्यवस्था स्वीकारली. मधल्या काळात मात्र टंकागणिक संकेत निराळे असत. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक होई.

आज्ञाभाषांची मजल अद्याप एवढी नाही. पायथनच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देता येतात. पण 'इफ', 'व्हाइल' हे मूळ शब्द इंग्रजीच राहिले. म्हणजे मराठी ही यंत्रात साठविण्याची भाषा झाली, यंत्राला आज्ञा देण्याची झाली नाही.

तरीही सीमेवरील शिक्षकाच्या दृष्टीने मोठा पल्ला गाठला गेला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र' च्याच कळीवर 'ऱ' आहे, 'ल' च्याच कळीवर 'ळ' आहे. ही अक्षरे लेखनातून गळत असतील, तर आता यंत्राकडे बोट दाखविता येणार नाही. ती कळ कोठे आहे हे विद्यार्थ्याला दाखविणे, एवढेच काम उरले आहे, आणि ते शाळेचे आहे.