साथीच्या काळातील मुले

फातिमेची जसिंता आपल्या घरांतील तसबिरींमधून मुलांच्या परिचयाची आहे. तिच्या अखेरच्या दिवसांविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने तिला आणि तिचा भाऊ फ्रान्सिस्को याला गाठले. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ रोजी घरीच वारला. जसिंताला उपचारांसाठी लिस्बनला नेण्यात आले. आईला गावी परतावे लागले आणि २० फेब्रुवारी १९२० च्या रात्री नऊ वर्षांची ही मुलगी रुग्णालयात देवाघरी गेली. घरचे कोणीही उशाशी नव्हते. साथ मुलांपासून त्यांची माणसे तोडते. हे दुःख मृत्यूच्या नोंदवहीत कुठेच उतरत नाही.

त्याच साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळांना टाळे लावले. न्यूयॉर्कने लावले नाही. तेथील सुमारे १० लाख विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या, कोंदट खोल्यांत राहत. घरापेक्षा शाळेतच ती अधिक सुरक्षित राहतील, असे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचे मत होते. शाळेत रोज प्रत्येक मुलाची तपासणी होई. हेतू शरीराच्या आरोग्याचा होता. पण त्यामुळे भीतीच्या त्या दिवसांतही मुलाकडे निरखून पाहणारे कोणीतरी होते.

१९३७ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओच्या भयाने शिकागोतील शाळा उघडल्याच नाहीत. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवरून धडे सुरू झाले. वर्तमानपत्रे त्यांचे वेळापत्रक छापीत. काही घरांत रेडिओच नव्हता, काही ठिकाणी आवाज नीट येत नसे. धडा घरी पोहोचला, पण शेजारच्या बाकावरचा मित्र पोहोचला नाही.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे शाळा बंद झाल्या, तेव्हा रेडिओची जागा मोबाईलने घेतली. जगभर सुमारे १६० कोटी विद्यार्थी त्या काळात शाळेबाहेर होते. महाराष्ट्रात पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात परतण्यासाठी डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. चर्चची दारेही महिनोन्‌महिने मिटलेली होती. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग नाही, मैदान नाही. आजीआजोबा गेले, तर कित्येक नातवंडांना त्यांचे अंत्यदर्शनही नाही. मोठ्यांनी आपले दुःख बोलून दाखविले. मुलांचे दुःख चिडचिड, पोटदुखी, उडालेली झोप अशा रूपांनी प्रकट झाले आणि आपण त्याला हट्ट म्हणालो.

ती मुले आता किशोरवयात आली आहेत. बुडालेला अभ्यास शिकवणीने भरून काढता येतो. अबोल झालेल्या मुलासाठी मात्र वेळ द्यावा लागतो, त्याचे ऐकून घ्यावे लागते, प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावे लागते. ताप आला की आपण डॉक्टरांकडे धावतो; मनाच्या आजारासाठी त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा कसला? प्रार्थनेने धीर मिळतोच. पण जसिंताच्या उशाशी जी जागा रिकामी राहिली, ती आपल्या घरात भरून काढणे आपल्या हाती आहे.