चौकटीच्या आतली जागा

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगू लागले म्हणजे लोक ग्रंथकारांविषयी बोलतात, फार झाले तर छापखान्याच्या मालकाविषयी बोलतात. आज आम्ही बोलणार आहोत ते पानावरची चौकट आणि तिच्या आतला मजकूर यांच्यामध्ये जी करंगळीएवढी कोरी जागा असते, तिच्याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ही जागा कोणी राखली, कशाने राखली, आणि त्यापायी कोणाचे काय गेले, हे पाहू लागले म्हणजे तो तितका क्षुल्लक राहत नाही.

जवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबांनी चिंतन केले. तेव्हा वह्या-पोथ्यांचे माहात्म्य आम्ही इंदुरीकरांस सांगावे असे नाही. जुनी पोथी उघडून पाहावी. पुष्कळ पोथ्यांत दोन्ही बाजूंस तांबड्या रेघा आखलेल्या दिसतात आणि काळी अक्षरे त्या रेघांपासून अदबीने दूर राहतात. रेघेबाहेरचा समास टीपेसाठी, चुकलेले अक्षर भरण्यासाठी आणि वाचणाऱ्याच्या अंगठ्यासाठी. पाने सुटी, ती कडेने झिजणारच. झीज समासाने सोसावी आणि अक्षर वाचावे, असा हा व्यवहार होता.

पुढे मुंबईस गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर काम सुरू केले व 1831 मध्ये मराठी पंचांग छापले. शिळाछापात लेखणीने लिहिलेलेच दगडावर उतरत असल्यामुळे चौकटही हातचीच राहिली. खरी उलथापालथ झाली ती खिळ्यांनी. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर होते. त्यांनी 1864 मध्ये स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे सौष्ठव ज्यांच्या हातचे, त्या राणोजी रावजी आरूंचे नाव मात्र किती जणांस ठाऊक असते?

खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा कोरी नसते, ती धातूची असते. हे ध्यानात घेतले पाहिजे. चौकटीची रेघ म्हणजे पितळेची पट्टी, टाइपाइतकीच उंच, म्हणून तिला शाई लागते. रेघ आणि अक्षर यांच्यामध्ये शिशाच्या ठेंगण्या पट्ट्या व ठोकळे बसवावे लागत. त्यांना शाई लागत नाही, म्हणून कागदावर काही उमटत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एवढी मेहनत! शिवाय हिशेब आधी करावा लागे. बारा पॉइंटांचा एक एम. चौकट बाहेरून वीस एम म्हणजे 240 पॉइंट रुंद. दोन्ही बाजूंच्या रेघा दोन-दोन पॉइंटांच्या, आतली जागा दहा-दहा पॉइंटांची. उरले 216, म्हणजे अठरा एम. जुळाऱ्याने आपली स्टिक बरोबर अठरा एमांवर लावावयाची आणि मगच पहिला खिळा उचलावयाचा. मालकाच्या मनात नंतर आले की जागा थोडी वाढवा, तर प्रत्येक ओळ पुन्हा जुळवणे आले. चारी कोपऱ्यांवर पट्ट्या तिरप्या कापून भिडवाव्या लागत. केसभर फट राहिली तरी लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ती दिसे, आणि वधूपिता गप्प बसत नसे.

हा सारा धातू शिसे, कथील व अँटिमनी यांचा. जुळारी दिवसभर तो हाताळी, छपाई झाली की खिळे पुन्हा खणाखणांत टाकी, आणि त्याच बोटांनी भाकरी मोडी. शिशाची विषबाधा हा धंद्यातला रोग आहे, हे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य केले. 1948 च्या कारखाने कायद्याने तो रोग आढळल्यास कळविणे बंधनकारक केले. कायदा होता, पण लहान छापखान्यात तो शोधावा लागे. चार माणसांच्या खोलीत हात धुण्यास साबण ठेवा, ही मागणीसुद्धा आमच्या चळवळीत लढून घ्यावी लागे.

मग संगणक आला. 1985 मध्ये पेजमेकर, 1987 मध्ये क्वार्कएक्सप्रेस, 1999 मध्ये इनडिझाइन. पुण्यात 1988 साली सी-डॅक उभी राहिली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात तिचा मोठा वाटा आहे. आता मजकुराची चौकट निवडावी, आतल्या जागेच्या रकान्यात आकडा घालावा, की ओळी आपोआप मागे सरतात. चारी बाजूंस निरनिराळे आकडेही देता येतात. पण हिशेब सुटला असे मात्र नाही. इनडिझाइनमध्ये हा आकडा मुळात शून्य असतो. तो तसाच ठेवला तर अक्षरे रेघेस चिकटून बसतात. रेघ चौकटीच्या कडेवर मधोमध धरली तर चार पॉइंटांतले दोन आत येतात. ती आत धरावी की बाहेर, हे आधी ठरवावे लागते. आणि आमच्या लिपीला वेलांटी, मात्रा, रफार डोक्यावर घेऊन चालावयाचे असल्यामुळे वरची जागा नजरेने तपासून घ्यावी. इंग्रजीचा आकडा उचलून ठेवला तर रफार रेघेत घुसतो. जुन्या जुळाऱ्यास हे सांगावे लागत नसे.

त्या जुळाऱ्यांपैकी काही जण संगणकावर बसले. पुष्कळ जणांचे वय आड आले. केसी मोडीत निघाल्या, शिसे वजनावर गेले, पितळी पट्ट्या वेगळ्या भावाने विकल्या गेल्या. संगणकावर दोन ओळींमधल्या अंतरास आजही ‘लेडिंग’ म्हणतात. लेड म्हणजे शिसे. ओळींमध्ये घालावयाच्या त्या शिशाच्या पट्टीचेच ते नाव.