बुलेट, होंडा आणि एकाच तेलाची गोष्ट

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींबद्दल एक विनोद जगभर सांगितला जातो. गाडीखाली तेल सांडलेलं दिसत नसेल तर घाबरा, कारण आतलं तेल संपलेलं असणार! आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. गाडी लावायची जागा आणि तिथला काळा डाग हे समीकरण त्यांच्या घरात पक्कं असतं.

पण मंडळी, या विनोदामागे एक मजेशीर इतिहास आहे. आज बाइकसाठी कुठलं ऑइल घ्यावं म्हणून आपण दुकानात जे डोकं खाजवतो ना, तो प्रश्न या गळतीवरच्या उपायातूनच जन्माला आला. कसा ते बघू.

सुरुवात १९३७ पासून करू. त्या वर्षी ट्रायम्फने एडवर्ड टर्नरने डिझाइन केलेली स्पीड ट्विन बाजारात आणली. दोन सिलिंडरचं, सुटसुटीत, देखणं इंजिन. पुढची तीस वर्षं जवळपास सगळ्या ब्रिटिश कंपन्यांनी हाच साचा गिरवला. या इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे खालची पेटी, उभी दुभागलेली असायची. डावा अर्धा, उजवा अर्धा आणि मधला जोड थेट तळापर्यंत. म्हणजे तेल जिथे साचतं तिथेच शिवण!

गळतीचं खापर सहसा या शिवणीवर फोडतात. ते अर्धंच खरं आहे. आपल्या रस्त्यावर लाखोंनी धावलेल्या हीरो होंडा सीडी १०० चं इंजिनही उभंच दुभागलेलं आहे, आणि ते काही तेल गाळत फिरत नाही. मग फरक कुठे?

पहिला फरक हवेचा. स्पीड ट्विनसारख्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, मिनिटाला हजारो वेळा. या हवेला बाहेर पडायला ब्रीदर असतो. तो अपुरा किंवा तुंबलेला असला की हवा दुसरी वाट शोधते आणि जाताना तेल घेऊन जाते. बुलेटसारख्या सिंगल सिलिंडरचंही तेच दुखणं. दुसरा फरक कारखान्याचा. जुन्या झिजलेल्या मशीनवर कापलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर सपाट बसत नाहीत, मग मध्ये कितीही पॅकिंग घाला. तिसरं म्हणजे जोडांची संख्या. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, क्लच आणि प्रायमरी चेनची पेटी वेगळी. जितके जोड तितक्या गळायच्या जागा.

टर्नर १९६० साली जपानला गेला. तिथले कारखाने आणि उत्पादनाचा वेग पाहून परत आल्यावर त्याने इशारावजा अहवाल लिहिला. इंग्लंडमध्ये त्याचा फारसा उपयोग झाला नाही. छोट्या गाड्या जपान्यांना करू द्या, मोठ्या आपल्याच, अशी तिथली समजूत होती. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० विक्रीला आली आणि ती समजूत मोडली. चार सिलिंडर, बटन स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. क्रँककेस आडवा दुभागलेला, म्हणजे मुख्य शिवण तळाच्या बरीच वर. चारांपैकी दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे आतल्या हवेचे हेलकावेही कमी. आणि मशीनिंग काटेकोर. गाडी कोरडी राहिली. १९७३ मध्ये डबघाईला आलेली बीएसए नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फमध्ये विलीन झाली आणि ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. एवढं सगळं केवळ तेलगळतीमुळे झालं असं म्हणणं बावळटपणाचं होईल, पण गिऱ्हाईकाला गॅरेजच्या फरशीवर रोज दिसणारी तक्रार तीच होती.

आता मुद्द्याची गोष्ट. होंडाने १९५८ च्या सुपर कबपासूनच इंजिन, गिअर आणि क्लच एका पेटीत घालून सगळ्यांना एकच तेल दिलं होतं. सीबी ७५० लाही तेच. ट्रायम्फनेही पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स एका कास्टिंगमध्ये आणले, पण गिअरबॉक्सचं तेल वेगळंच ठेवलं. एका छपराखाली वेगळी चूल! आपली जुनी कास्ट आयर्न बुलेट याच घराण्यातली. १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बनू लागली, तेव्हापासून इंजिन, गिअरबॉक्स आणि चेनकव्हर तिघांचं वंगण वेगवेगळं. रॉयल एनफिल्डमध्ये २००८ पासून युनिट इंजिन यायला लागलं, तेव्हा कुठे चूल एक झाली.

एक चूल म्हणजे जोड कमी, गळती कमी. पण तिघांच्या मागण्या परस्परविरोधी! पिस्टन आणि बेअरिंगला घर्षण नको असतं. क्लच प्लेटला मात्र घर्षणच हवं असतं, कारण तेलात बुडूनही तिला पकड घ्यायची असते. गिअरचे दात तर तेलातले पॉलिमर चिरडून टाकतात, त्यामुळे मल्टिग्रेड तेल लवकर पातळ होतं.

बरीच वर्षं हे निभावलं, कारण कारचं तेलही साधंच होतं. मग १९७३ ची तेलटंचाई आली. अमेरिकेने १९७५ मध्ये गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. तेल कंपन्या कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं घालू लागल्या आणि तेल पातळ होत गेलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी झीज रोखणाऱ्या फॉस्फरसवरही मर्यादा आली. २००४ च्या जीएफ-४ मानकात ती ०.०८ टक्के होती. कारच्या दृष्टीने सगळं बरोबर. बाइकचा क्लच मात्र घसरायला लागला. शेवटी जपानने १९९८ मध्ये बाइकसाठी वेगळं मानक काढलं, जासो टी ९०३. त्यात एमए म्हणजे क्लचला पकड देणारं तेल, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरसाठी. पुढे २००६ मध्ये एमए चे एमए१ आणि एमए२ असे भाग पडले, एमए२ ची पकड जास्त.

थोडक्यात काय, डब्यावर आधी मॅन्युअलमधला ग्रेड बघा, मग जासो एमए किंवा एमए२. 'फुल्ली सिंथेटिक' ही मोठी अक्षरं त्यानंतर. कारचं महागडं तेल ओतलं आणि टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाहीये असं झालं, तर क्लच घसरतोय. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना हे कळणं परवडत नाही.

आणि गळती? इतिहासातला धडा इथेही लागू पडतो. लगेच इंजिन उघडायला देऊ नका. आधी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून मॅन्युअलप्रमाणे पातळी तपासा. जास्त भरलेलं तेल ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये जातं आणि गळतीसारखंच दिसतं. मग ब्रीदरची नळी तुंबली किंवा दबली आहे का ते बघा. त्यानंतर इंजिन स्वच्छ धुवून, वाळवून टाल्कम पावडर मारा आणि थोडं फिरून या. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून थेंब पडतो ती जागा बघू नका. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा, चोर तिथे असतो. पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील, हेड कव्हरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर हे नेहमीचे संशयित. चेनला मारलेलं तेल स्प्रॉकेटजवळ उडतं, ते वेगळं ओळखा. बाहेरून सगळं कोरडं आहे, तेल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, तर तेल आत जळतंय. तिथे पॅकिंग बदलून काही होणार नाही.

दोन गोष्टी टाळा. गळती थांबावी म्हणून मॅन्युअलपेक्षा जाड तेल घालणे, कारण कडक झालेलं सील त्याने मऊ होत नाही आणि सकाळी थंड इंजिनात तेल वर पोचायला उशीर होतो. दुसरं म्हणजे जोडावर सढळ हाताने सीलंट थापणे. बाहेर दिसतं तितकंच ते आतही दाबलं जातं, आणि त्याचा तुकडा तेलाच्या वाटेत अडकला तर चाळीस रुपयांच्या पॅकिंगपायी इंजिन जातं.

गळती मागच्या टायरपर्यंत पोचत असेल तर मात्र गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ढकलत न्या किंवा मेकॅनिकला घरी बोलवा. बाकी एखाद-दुसरा थेंब असेल, तर आधी पावडरचा डबा काढा.