इचलकरंजीच्या यंत्रमाग समूहातील नवप्रवर्तनक्षमता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

औद्योगिक समूहातील उद्योगांची नवप्रवर्तनक्षमता मोजताना संशोधन विभाग व एकस्वे यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. या मापाने इचलकरंजीकडे पाहिल्यास हाती फारसे लागत नाही, कारण येथील ज्ञान मागाजवळच वाढले आणि त्याची लेखी नोंद क्वचितच झाली.

इ.स. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागिरीच्या या आश्रयाचा गौरव इतिहासलेखनात पुष्कळ झाला आहे व तो योग्यही आहे. तथापि आश्रयाने माग येतो. तो चालता ठेवण्याचे कसब जॉबरकडे असते. माग जोडणे, धोट्याची फेक बसविणे, मोडलेला भाग स्थानिक लोहारशाळेतून घडवून घेणे, ही कामे करणारा जॉबर एका कारखान्यातून दुसऱ्यात जाई आणि युक्तीही त्याच्याबरोबर जाई. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये औद्योगिक परिसरातील कसब सर्वांचे होते असे प्रतिपादन केले, त्याचा प्रत्यय येथे येतो. सायझिंग, वहिफणी, कांडी भरणे हे स्वतंत्र व्यवसाय झाल्याने मोजके माग असलेल्यासही धंद्यात उतरता आले.

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू उपेक्षित राहिली आहे. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक माग उत्तम जाणतो. पण कोणते कापड विणावे हे तो ठरवीत नाही. वाणातील बदलाचा लाभ व्यापाऱ्याकडे, जोखीम मात्र मागधारकाकडे, अशी ही वाटणी आहे. तीत प्रयोगासाठी भांडवल उरणे कठीण.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या डीकेटीई संस्थेमुळे वस्त्रतंत्राचे औपचारिक शिक्षण गावातच उपलब्ध झाले. १९९९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेत कर्जाच्या व्याजदरात पाच टक्क्यांची सवलत होती. पण सवलतीपूर्वी कर्ज आणि कर्जापूर्वी तारण लागते, तेव्हा धोटाविरहित मागाकडे वळणे खर्चीवाल्यापेक्षा भांडवलदार उद्योजकास सुकर ठरले. जॉबरचाही प्रश्न उद्भवला. साध्या मागाचा दोष तो आवाजावरून ओळखी. नव्या मागाचा दोष इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातही असू शकतो, आणि तेथे त्याचा कान उपयोगी पडत नाही.