हाडे बांधणारी दोन इंजेक्शने

गेल्या वर्षी श्रीरामपूरच्या घरी पाण्याची कळशी उचलताना आईच्या पाठीत कळ भरली. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. हाडांची झीज थांबवणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी ती आठवड्यातून एकदा, सहा वर्षे घेत होती. तरीही हे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन नावे लिहिली, टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब. “आता झीज थांबवून भागणार नाही, हाड बांधावे लागेल. दोन्ही इंजेक्शने तेच करतात. घरी बोला आणि ठरवा,” असे ते म्हणाले.

मी डॉक्टर नाही. जुने कागद वाचण्याची सवय तेवढी आहे. म्हणून ही दोन औषधे आली कुठून, याचा माग काढायला बसलो.

पहिल्याचा माग थेट एका भारतीय गेंड्यापाशी जातो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा एकशिंगी गेंडा 1849 मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला चिकटलेली एक लहान पिवळसर गाठ त्यांना दिसली. 1880 मध्ये स्वीडनमधील इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने तशाच ग्रंथी माणसात शोधल्या. याच त्या पॅराथायरॉइड, म्हणजे परावटू ग्रंथी. त्यांचे काम रक्तातील कॅल्शियम सांभाळण्याचे. 1925 मध्ये जेम्स कॉलिप यांनी त्यांचा परिणामकारक अर्क काढला.

हा रस शरीरात सतत जास्त राहिला तर काय होते, हे चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाने भोगले. त्याची हाडे विरत गेली आणि उंची सात इंचांनी घटली. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि 1932 मध्ये तो गेला. त्याच वर्षी हान्स सेल्ये यांनी नेमकी उलटी गोष्ट लिहिली: हाच अर्क उंदरांना थोडा थोडा दिला, तर नवे हाड तयार होते. रस तोच, सतत वाहिला तर हाड विरघळवतो, रोज थोडा वेळ येऊन गेला तर हाड बांधतो. पाटाचे पाणी पाहिलेल्या आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाळीने दिलेल्या पाण्यावर ऊस वाढतो, पाणी तुंबले की मुळे कुजतात.

तरीही या निरीक्षणाचे औषध व्हायला सत्तर वर्षे गेली. मधल्या काळात वैद्यक दुसऱ्याच वाटेला लागले होते. ती वाट फ्लोराइडची.

फ्लोराइडने हाड दाट होते, हे आपल्या देशाला फार आधी कळले होते. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात विहिरींचे पाणी पिऊन माणसे ताठरत होती, पाठ वाकत नव्हती. त्याचे वर्णन 1937 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनी हेच दुखणे सोसले आहे. असे असूनही पाश्चात्त्य देशांत ठिसूळ हाडांसाठी सोडियम फ्लोराइड दिले जाऊ लागले. 1990 मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. 202 स्त्रिया, चार वर्षे. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या मणक्यांची घनता 35 टक्के वाढली होती, पण मणक्यांव्यतिरिक्तची हाडे मोडण्याचे प्रसंग त्यांच्यात 72 होते आणि न घेणाऱ्यांत 24. हाड दाट झाले होते, मजबूत झाले नव्हते.

श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकावर आजही ‘बेलापूर’ अशी पाटी आहे. नवखा प्रवासी पाटी वाचून गोंधळतो. घनतेच्या अहवालातला आकडा ही तशीच एक पाटी आहे. ती उपयोगाची असते, पण आपण कुठे उतरलो हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. त्यानंतर हाडांच्या औषधाला विचारायचा खरा प्रश्न पक्का झाला: हाडे मोडायची थांबली का?

या प्रश्नाला टेरिपॅराटाइडने 2001 मध्ये उत्तर दिले. हा पॅराथायरॉइडच्या रसाचाच पहिला तुकडा, 34 दुव्यांचा. 1,637 स्त्रियांच्या चाचणीत औषधाविना 14 टक्के स्त्रियांचे मणके नव्याने मोडले. रोज 20 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत 5 टक्के. मात्र उंदरांमध्ये हाडाचा कर्करोग दिसल्याने ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. 2002 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती चौकटीतल्या कडक इशाऱ्यासह. माणसांत तसा धोका न आढळल्याने 2020 मध्ये तो इशारा काढला गेला.

दुसऱ्या इंजेक्शनाचा उगम दक्षिण आफ्रिकेतील काही आफ्रिकानर कुटुंबांत आहे. त्यांच्यातल्या काहींची हाडे वाढतच राहत. कवटी जाड होऊन नसा दाबल्या जात, बहिरेपण येई, चेहरा लुळा पडे. पण त्यांची हाडे सहसा मोडत नसत. 2001 मध्ये कारण सापडले. हाडाची बांधणी आवरणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन त्यांच्यात तयारच होत नव्हते. मग हा लगाम काही काळापुरता सैल करणारे प्रतिपिंड बनवले गेले, तेच रोमोसोझुमॅब. महिन्यातून एकदा, असे बारा महिने. 2017 च्या चाचणीत 4,093 स्त्रिया होत्या. वर्षभर हे इंजेक्शन आणि पुढे अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत दोन वर्षांत 6.2 टक्के जणींचे मणके नव्याने मोडले; पहिल्यापासून फक्त अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत 11.9 टक्के.

त्याच वर्षीच्या आणखी एका चाचणीत आईसारख्याच, आधी झीज थांबवणारी औषधे घेतलेल्या 436 स्त्रिया होत्या. वर्षभरात खुब्याची घनता रोमोसोझुमॅबने 2.6 टक्के वाढली, टेरिपॅराटाइडने 0.6 टक्का घटली. माझा कौल ठरला. रोज टोचण्यापेक्षा महिन्यातून एकदा, आणि खुब्यालाही बळ.

पण 4,093 स्त्रियांच्या चाचणीतला आणखी एक आकडा राहिला होता. पहिल्या वर्षात हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग रोमोसोझुमॅब घेणाऱ्या 2.5 टक्के जणींत, अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्या 1.9 टक्के जणींत घडले. 2019 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तीही चौकटीतल्या इशाऱ्यासह: वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर हे औषध सुरू करू नये.

हे वाचून मी उठून बसलो. सात महिन्यांपूर्वी आईला झटका येऊन स्टेंट बसला होता. ते उपचार दुसऱ्या गावी झाले होते. हाडांच्या डॉक्टरांनी ‘आणखी काही आजार?’ असे विचारले, तेव्हा आम्ही बीपी सांगितले आणि गप्प बसलो. हृदयाचे हाडांच्या डॉक्टरांना काय, असे वाटले. चूक आमची होती.

दुसऱ्या दिवशी जुनी फाइल घेऊन गेलो. डॉक्टरांनी ती शांतपणे चाळली आणि रोमोसोझुमॅबवर काट मारली. खुब्याच्या घटीचे मी विचारले. ते म्हणाले, “तो घनतेचा आकडा. मोडण्याचा बघा.” 2018 च्या चाचणीत 1,360 स्त्रिया होत्या, बहुतेकींनी आधी दुसरी औषधे घेतलेली. दोन वर्षांत टेरिपॅराटाइड घेणाऱ्या 5.4 टक्के जणींचे मणके नव्याने मोडले, रिसेड्रोनेटची गोळी घेणाऱ्या 12 टक्के जणींचे. पाटीची गोष्ट लिहून ठेवणारा मी, स्वतःच पाटी वाचून उतरत होतो.

मग कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. जुना कर्करोग, हाडांवर दिलेले किरण, मुतखडा यांची विचारपूस झाली. आता फ्रिजच्या दारात पेन असते, अठ्ठावीस दिवसांचे. वीज गेली की आई आधी फ्रिजचे दार कुणी उघडत तर नाही ना, हे पाहते. दोन वर्षांनी हे थांबेल आणि बांधलेले टिकवणारे औषध लगेच सुरू करावे लागेल, नाहीतर बांधलेले हाड पुन्हा झिजू लागते.

“गेंड्याचं औषध का रे हे?” आईने एकदा विचारले. नाही म्हटले, गेंड्यात फक्त गाठ सापडली होती. ती म्हणाली, “मग कातडी नाही जाड होणार. टोच.”