शहाबादचे सिमेंट आणि संगनमताचा कायदा

शहाबादी फरशी न पाहिलेला मराठी माणूस विरळा. ज्या चुनखडीची ती फरशी, तिच्याच आधाराने कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडी व सेडम भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. मक्तेदारीकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी पालटली, हे या पट्ट्याच्या इतिहासात उत्तम दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर देशात सिमेंटचे कारखाने भराभर निघाले आणि मागणीहून माल अधिक झाला. कारखानदार खर्चाहूनही कमी भावाने माल विकू लागले, काही बुडाले. ठेच लागल्यावर त्यांनी १९३० साली विक्रीची एकत्र व्यवस्था केली. पुढे १ ऑगस्ट १९३६ रोजी टाटा, खटाव, किलिक निक्सन व दिनशा या चार गटांच्या दहा कंपन्या एक होऊन ए. सी. सी. जन्मास आली. निजामी राज्यातील शहाबाद सिमेंट कंपनी या दहांपैकीच. विलीनीकरणासाठी झटलेले फ्रामरोज दिनशा मात्र त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते.

अशा एकीस आडकाठी करणारा कायदा तेव्हा नव्हता. नंतर बराच काळ सिमेंटचा भाव सरकारच ठरवी. १९६९ चा मक्तेदारी कायदा मुख्यतः उद्योगांच्या आकारास भीत होता. १९८९ साली सिमेंटवरील नियंत्रण पूर्ण उठले, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने भूमिका बदलली : मोठे असणे हा अपराध नव्हे, भावासाठी संगनमत करणे हा अपराध.

बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २० जून २०१२ रोजी अकरा कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. त्यांत वाडीचा कारखाना चालविणारी ए. सी. सी. होती, तशीच सेडम तालुक्यात मळखेडला कारखाना असलेली अल्ट्राटेकही. लेखी करार कोठेच सापडला नव्हता. क्षमतेहून कमी उत्पादन, एकदम चढणारे भाव आणि कारखानदारांच्या संघाच्या बैठका, यांवरून आयोगाने अनुमान बांधले. थोडे विक्रेते व एकसारखा माल असला की भाव आपोआप जुळतात, असा कंपन्यांचा बचाव. तो अगदीच पोकळ म्हणता येत नाही; पण हाती माल असता कारखाना मंद का चालवावा, याचे उत्तर त्यात नाही.

सुनावणी न ऐकलेल्या अध्यक्षांची निकालावर सही, या कारणास्तव २०१५ साली तो निकाल रद्द झाला. २०१६ साली आयोगाने पुन्हा दंड केला, जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर अपिले दाखल करून घेतली.

हा दंड सरकारी खजिन्यात जमा व्हावयाचा असतो. चढ्या भावाने पोती घेऊन बीदर वा हुमनाबादेस दोन खोल्या बांधलेल्या गृहस्थास भरपाई हवी असेल, तर त्यासाठी न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.